दहा पुस्तकं, एकच गुन्हा : मार्टिन बेक मालिका कशी वाचावी

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर किंवा सुहास शिरवळकरांच्या दारा बुलंदवर पोसलेल्या वाचकाने मार्टिन बेक हातात घेतला, की पहिल्या पन्नास पानांत त्याचा विरस ठरलेला. नायक साधा पोलीस अधिकारी, त्याला सतत सर्दी. पोट कायमचं बिघडलेलं. बायकोशी धड बोलणं नाही, घरी आला की जहाजांच्या प्रतिकृती चिकटवत बसतो. पिस्तूल क्वचितच बाहेर काढतो आणि काढलं तरी फारसा तीर मारत नाही. बरेच जण इथेच पुस्तक मिटतात. गुप्तहेरकथेच्या चौकटीत समाज आणि राजकारण कसं मावतं, हे ज्यांना बघायचंय त्यांनी मात्र ही पन्नास पानं नेटाने ओलांडावीत. कसं, त्यासाठी हा लेख.

आधी थोडी पूर्वपीठिका. माय श्योवाल आणि पेर वालो हे स्वीडिश जोडपं. दोघंही पत्रकार, दोघंही पक्के मार्क्सवादी, लग्न न करता एकत्र राहिलेले. मुलं झोपली की रात्री लिहायला बसायचे, एक प्रकरण एकाचं, पुढचं दुसऱ्याचं. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत त्यांनी दहा कादंबऱ्या लिहिल्या. दहाचा आकडा आधीच ठरलेला होता, प्रत्येक पुस्तकात तीस प्रकरणं हेही ठरलेलं होतं आणि सगळ्यांना मिळून एकच उपशीर्षक होतं : एका गुन्ह्याची कादंबरी. पुस्तकागणिक खून वेगळा, खुनी वेगळा. पण लेखकांच्या लेखी खरा गुन्हा एकच. कामगारांच्या मतांवर निवडून आलेल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाने कामगारांचाच विश्वासघात केला, हा तो गुन्हा.

हा मुद्दा नीट ध्यानात ठेवा, कारण इथे गल्लत फार होते. सोशल डेमोक्रॅट पक्ष १९३२ पासून १९७६ पर्यंत जवळजवळ सलग सत्तेवर होता. मोफत शिक्षण, सरकारी दवाखाने, म्हातारपणी पेन्शन. स्वीडन म्हणजे कल्याणकारी राज्याचा जगाला दाखवायचा नमुना. त्या नमुन्यावर ही पुस्तकं तुटून पडतात, म्हणून काही वाचक त्यांना उजव्या बाजूची कुरकुर समजतात. कुरकुर आहे ती डावीकडून. सरकार लोकांना फार देतं असं लेखकांचं म्हणणं नाही. भांडवलदारांना हात न लावता वरवर मलमपट्टी करतं आणि त्या मलमपट्टीची जाहिरात करतं, असं त्यांचं म्हणणं आहे. तुम्हाला ते पटो न पटो, वाचताना ही दिशा माहीत हवी, नाहीतर अर्धे टोमणे चुकीच्या माणसाला लागतात.

आता सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न : क्रमाने वाचायलाच हवं का? हो. 'रोझॅना' (१९६५), 'द मॅन हू वेंट अप इन स्मोक' (१९६६), 'द मॅन ऑन द बाल्कनी' (१९६७), 'द लाफिंग पोलीसमन' (१९६८), 'द फायर इंजिन दॅट डिसअपिअर्ड' (१९६९), 'मर्डर अ‍ॅट द सॅव्हॉय' (१९७०), 'द अबॉमिनेबल मॅन' (१९७१), 'द लॉक्ड रूम' (१९७२), 'कॉप किलर' (१९७४) आणि 'द टेररिस्ट्स' (१९७५). इंग्रजी अनुवादांची ही नावं आहेत आणि वर्षं मूळ स्वीडिश पुस्तकांची. दम नसेल तर निदान दोन पथ्यं पाळा. 'कॉप किलर' कधीही 'रोझॅना'च्या आधी वाचू नका. पहिल्या पुस्तकाचं रहस्य तिथे सहज बोलण्यात फुटतं. आणि 'द टेररिस्ट्स' अगदी शेवटी ठेवा. फक्त एकच पुस्तक वाचून बघायचं असेल तर चौथं घ्या, 'द लाफिंग पोलीसमन'. १९७१ साली त्याला अमेरिकेतला एडगर पुरस्कार मिळाला. अनुवादित पुस्तकाच्या वाट्याला हा मान फार क्वचित आला आहे.

आणखी एक सावधगिरी. अलीकडच्या इंग्रजी आवृत्त्यांना नामवंत रहस्यकथाकारांच्या प्रस्तावना आहेत. 'रोझॅना'ची प्रस्तावना हेनिंग मँकेल यांची. प्रस्तावना चांगल्या आहेत, पण पुस्तक संपल्यावर वाचा. कौतुकाच्या भरात प्रस्तावनाकाराची जीभ सैल सुटते.

'रोझॅना' वाचताना घड्याळ बाजूला काढून ठेवा. मोटालाजवळ ग्योटा कालव्याचा गाळ उपसणाऱ्या यंत्राच्या बादलीत एका तरुणीचं विवस्त्र प्रेत सापडतं, तेव्हा जुलै महिना चालू असतो. ती कोण, कुठली, कुणाला पत्ता नाही. ओळख पटेपर्यंत उन्हाळा सरून जातो. ती अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहराची ग्रंथपाल निघते, कालव्यातून जाणाऱ्या प्रवासी बोटीवरची. बोटीवर माणसं ८५. ती आता निरनिराळ्या देशांत आपापल्या घरी परतलेली. मग बेक आणि त्याचे सहकारी काय करतात? पत्रं लिहितात. पर्यटकांनी काढलेले फोटो आणि घरगुती फिल्मा मागवतात. त्या पुन्हा पुन्हा पडद्यावर लावून बघतात : कठड्याला टेकलेली माणसं, काठावरची झाडं, आणि एखाद्या चौकटीच्या कोपऱ्यात क्षणभर दिसणारी ती. फिल्म बघण्याचं हे प्रकरण दोनदा वाचावं असं आहे. धागेदोरे हुडकण्याचं काम किती कंटाळवाणं असतं, हे त्यात दिसतं आणि तरीही पान उलटल्याशिवाय राहवत नाही. तपास सहा महिन्यांहून जास्त चालतो. मधे कित्येक आठवडे काहीच घडत नाही आणि लेखक तसं प्रांजळपणे सांगतात.

या पहिल्या पुस्तकात राजकारण शोधायला जाऊ नका. वरवर ते नाहीच. लेखकांची युक्तीच ती होती. पहिली दोन-तीन पुस्तकं सरळ पोलिसी कथा, वाचक एकदा गळाला लागला की हळूहळू दोर आवळायचा. तिसऱ्या पुस्तकात स्टॉकहोमच्या बागांमध्ये लहान मुलींचे खून होतात. तिथे शहराचं बिघडलेलं रूप पहिल्यांदा स्पष्ट दिसतं, आणि भेदरलेले नागरिक स्वतःच गस्त घालायला निघाले की काय होतं तेही. आपल्याकडे मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने माणसं मारल्याच्या बातम्या ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना ती पानं परकी वाटणार नाहीत.

चौथ्या पुस्तकाकडे येऊ. तारीख १३ नोव्हेंबर १९६७. धो धो पाऊस. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध अमेरिकी वकिलातीसमोर निदर्शनं चालू आहेत आणि स्टॉकहोमचे झाडून सगळे पोलीस तिथे लाठ्या घेऊन उभे. त्याच रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला ४७ क्रमांकाच्या दुमजली बसमध्ये कुणीतरी मशिनगनने नऊ जणांना गोळ्या घालतं. त्यांतला एक बेकच्याच पथकातला तरुण पोलीस, स्टेनस्ट्रम. तो सुटीवर असताना त्या बसमध्ये काय करत होता?

इथे लेखकांची पद्धत ओळखायला शिका. 'सरकारला खुनांपेक्षा निदर्शकांची जास्त भीती वाटते' असं वाक्य कुणी उच्चारत नाही. पोलीस कुठे होते आणि कुठे नव्हते, एवढंच सांगितलेलं असतं. बसपाशी सगळ्यांत आधी पोचतात क्रिस्टियानसन आणि क्वांट, गस्तीच्या गाडीतली हशा पिकवणारी जोडगोळी. बुटांनी सगळीकडे तुडवातुडव करून ते निम्मे पुरावे नष्ट करतात. हसू येतंच. पण हे दोघं गणवेशात का आहेत, त्यांना कुणी भरती केलं, कामावर ठेवलं कुणी, हेही पुस्तक हळूच विचारत राहतं. १ जानेवारी १९६५ रोजी स्वीडनमधलं पोलीस खातं नगरपालिकांकडून काढून केंद्र सरकारच्या हाती दिलं गेलं. त्यानंतर माणसं, हत्यारं, हेलिकॉप्टरं वाढली आणि गुन्हे उकलण्याची लायकी घटली, ही लेखकांची कायमची तक्रार. पुढच्या पुस्तकांत वरिष्ठांच्या बैठका आल्या की ती तारीख आठवा.

बसमधल्या मृतांची चौकशी हाही धड्यासारखा वाचण्याचा भाग आहे. प्रत्येक मेलेल्या माणसाचं घर येतं, शेजारी येतात, भाड्याची खोली येते. परदेशातून मजुरीला आलेला माणूस एका खोलीत किती जणांबरोबर राहतो आणि घरमालक डोक्यामागे किती पैसे उकळतो, हे पोलिसांना कळतं ते खुनाच्या तपासाच्या निमित्ताने. गुप्तहेरकथेची खरी सोय ही : पोलिसाला कुणाचंही दार ठोठावता येतं. शेटजीच्या बंगल्याचंही आणि चाळीतल्या खोलीचंही. म्हणून वाचताना एक सवय लावून घ्या. जबाब वाचताना माणूस काय बोलतो याच्या जोडीला तो कुठल्या खोलीत बसलाय तेही टिपा. खिडकीतून काय दिसतं, भाडं किती, शेजारचं घर रिकामं का. मालिकेतलं निम्मं राजकारण या तपशिलांत आहे. त्याच काळात, १९६५ ते १९७४ मध्ये, स्वीडनने दहा लाख नवी घरं बांधण्याचा कार्यक्रम राबवला आणि स्टॉकहोमच्या मध्यवस्तीतला क्लारा हा जुना भाग जवळजवळ पाडून टाकला. या लेखकांना ती पाडापाडी मनापासून झोंबली होती. तो राग ते दडवत नाहीत.

माझ्या मते मालिकेचं शिखर म्हणजे 'द अबॉमिनेबल मॅन'. इस्पितळात पडलेल्या स्टीग नीमान नावाच्या पोलीस अधिकाऱ्याची रात्री कुणीतरी निर्घृण हत्या करतं. बेक आणि त्याचा सहकारी रॉन तपासाला लागतात आणि त्यांना कागदांचा एक गठ्ठा वाचावा लागतो : स्वीडनमध्ये १८०९ पासून चालत आलेल्या लोकपालाच्या कार्यालयात नीमानविरुद्ध आलेल्या तक्रारी. कुणाला कोठडीत मारलेलं, कुणाला विनाकारण धरलेलं, कुणाला शिवीगाळ. तक्रारदारांत दारुडे आहेत, तशी साधी, सभ्य माणसंही. प्रत्येक तक्रारीचं पुढे काय झालं? संबंधित अधिकाऱ्याने आरोप नाकारला, सहकाऱ्यांनी त्याला दुजोरा दिला, प्रकरण निकाली. पुढची तक्रार, तोच शेरा. रात्र चढत जाते, दोन थकलेले पोलीस कागद उलटत राहतात. इथे लेखक एकही भाष्य करत नाहीत. सरकारी भाषा आपणच आपल्याला उघडी पाडते. ज्याने कधी आपल्या सरकारी कचेरीत अर्ज देऊन 'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही' असं उत्तर घेतलंय, त्याला या प्रकरणासाठी स्वीडनचा इतिहास शिकायची गरज नाही. घाईत असाल तरी हा गठ्ठा चाळू नका, ओळ न ओळ वाचा; खुन्याचा माग त्याच कागदांतून निघतो.

त्या मानाने 'मर्डर अ‍ॅट द सॅव्हॉय' मला कच्चं वाटतं. माल्मोच्या सॅव्हॉय हॉटेलात भाषण करायला उभा राहिलेला उद्योगपती पाल्मग्रेन भर पंगतीत गोळी खाऊन कोसळतो. सुरुवात फक्कड. पण पाल्मग्रेन इतका काळाकुट्ट रंगवलाय, शस्त्रांचा व्यापार काय, भाडेकरूंची पिळवणूक काय, की वाचकाला ठरवायला काही उरतच नाही. लेखक आपली बाजू आधीच जिंकून बसतात आणि मग रहस्यकथेची मजा जाते. उत्तरार्धातल्या पुस्तकांत हा दोष वाढत जातो. पात्रं बोलता बोलता अग्रलेख म्हणू लागतात. अशा जागी चिडून पुस्तक सोडू नका आणि निमूटपणे मानही डोलवू नका. पेन्सिल घेऊन समासात खूण करा. दृश्यातून सांगितलेलं राजकारण कुठलं आणि लेखकाने व्यासपीठावर चढून सांगितलेलं कुठलं, हे वेगळं करता येऊ लागलं की इतर कुठलीही सामाजिक कादंबरी वाचायचा डोळा तयार होतो.

दुसरा आक्षेप बायकांच्या चित्रणाचा. 'रोझॅना'मध्ये मेलेल्या मुलीच्या लैंगिक आयुष्याची चर्चा ज्या पद्धतीने होते आणि खुन्याला पकडण्यासाठी एका महिला पोलिसाला ज्या रीतीने आमिष म्हणून वापरलं जातं, ते आज वाचताना खटकतं. लेखकांनी पोलिसांच्या नजरेवर टीका केलीय की ती नजर त्यांचीही आहे, याचा निवाडा सोपा नाही. वाचनगटात चर्चेला हा विषय नक्की घ्या. पन्नाशीपुढचे आणि पंचविशीतले वाचक यावर हमखास भांडतात, आणि भांडण कामाचं असतं. नंतरच्या पुस्तकांत आलेली रेआ नीलसन, स्वतःच्या अटींवर जगणारी बाई, बेकचं आयुष्य बदलून टाकते. तिच्याकडे पाहिलं की लेखकही दहा वर्षांत काही शिकले असं म्हणता येतं.

पात्रांची यादी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर करून ठेवा. स्वीडिश नावं पहिल्यांदा एकमेकांत मिसळतात. गरजेपुरती ही घ्या : लेनार्ट कोलबर्ग, बेकचा जिवलग, खवय्या, बायकोवर मनापासून प्रेम करणारा, पिस्तूल जवळ बाळगायला नकार देणारा पोलीस. गुनवाल्ड लार्सन, धिप्पाड, उर्मट, श्रीमंत घरातून बाहेर पडलेला, अंगावरचे महागडे सूट दर पुस्तकात फाडून घेणारा. मेलांडर, पाइप ओढणारा, एकदा वाचलेलं कधीही न विसरणारा. रॉन, लाल नाकाचा, सरळमार्गी. या माणसांचं एकमेकांशी पटत नाही. कोलबर्ग आणि लार्सन तर एकमेकांचा दुस्वास करतात, तरी काम होतं. कोलबर्गवर खास लक्ष ठेवा. तो मालिकेची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि नवव्या पुस्तकात त्याने घेतलेला निर्णय आधीच्या आठ पुस्तकांशिवाय कळत नाही.

बंद खोलीतला खून हा रहस्यकथेतला जुना डाव 'द लॉक्ड रूम'मध्ये येतो, पण नव्या कामाला जुंपलेला. एक म्हातारा माणूस आतून कडी लावलेल्या खोलीत गोळी लागून मरून पडलाय आणि खोलीत पिस्तूल नाही. कोडं सुटतं, ते चोखही आहे. पण मेल्यावर कित्येक आठवडे त्याची कुणालाच आठवण झाली नाही, पेन्शन, दवाखाना, घर सगळं देणाऱ्या राज्यातही नाही, हे बेकला जास्त सलतं. त्याच पुस्तकात बँक दरोड्यांमागे हात धुऊन लागलेल्या सरकारी वकिलाची आणि त्याच्या पथकाची जी फजिती होते, ती मालिकेतली सगळ्यांत विनोदी पानं. शेवटी न्यायालयात जे होतं ते सांगत नाही.

लिहिणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. आपल्याकडे सामाजिक आशयाची रहस्यकथा लिहायची म्हटलं की लेखक आधी प्रश्न निवडतो, शेतकरी आत्महत्या, बिल्डर, पेपरफुटी, आणि मग त्यावर खून बेतून चिकटवतो. श्योवाल-वालो उलट जातात. आधी पोलीस ठाण्याचं दैनंदिन काम पक्कं : शवविच्छेदनाचा अहवाल कधी येतो, टेलिफोनवर कोण बसतं, रजेवर कोण, कुठल्या कागदावर कुणाची सही लागते. ते काम इतकं खरं झालं, की त्यातून समाज आपोआप झिरपतो. त्यांनी कुठल्याही वळणावर नायकाला सगळं कळतं असं दाखवलं नाही. बेक अनेकदा चुकतो, योगायोगाने सुटतो, सहकाऱ्याच्या सुचवण्यावर चालतो. मराठीत पोलीस ठाण्याचं असं तपशीलवार चित्र रहस्यकथेत यायला भरपूर जागा आहे. ठाणे अंमलदाराच्या टेबलावरची नोंदवही, पंचनाम्याला पंच न मिळणं, बंदोबस्ताला गेलेली निम्मी माणसं. माल घरचाच आहे.

'द टेररिस्ट्स' हा शेवट. पेर वालो हे पुस्तक पुरं होताना मरणाच्या दारात होते. जून १९७५ मध्ये ते गेले, वय ४८. माय श्योवाल त्यांच्यानंतर ४५ वर्षं जगल्या, २०२० मध्ये त्यांचं निधन झालं, पण अकरावा बेक त्यांनी लिहिला नाही. या पुस्तकात एका अमेरिकी सिनेटरच्या भेटीचा बंदोबस्त आणि आंतरराष्ट्रीय दहशतवाद्यांची टोळी यांच्यामागे सगळी यंत्रणा धावत असते आणि स्वीडनच्या पंतप्रधानांवर गोळी झाडली जाते ती भलत्याच हाताने, राज्ययंत्रणेच्या चरकात पिळून निघालेल्या एका कोवळ्या मुलीच्या. पुस्तक आलं तेव्हा हे अतिरंजित वाटलं असेल. २८ फेब्रुवारी १९८६ रोजी पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची स्टॉकहोमच्या रस्त्यावर गोळी घालून हत्या झाली. कादंबरीने भविष्य वर्तवलं असा डांगोरा पिटू नका. दोन्ही घटनांत साम्य थोडं आहे. 'आमच्या देशात असं होणार नाही' ही खात्री मात्र लेखकांनी अकरा वर्षं आधीच काढून घेतली होती. शेवटच्या पानावर कोलबर्ग आणि मंडळी एक शब्दखेळ खेळत बसतात आणि तीनशे प्रकरणांचा शेवटचा शब्द म्हणजे एका दाढीवाल्या जर्मन विचारवंताचं आडनाव. मिश्कीलपणा की जाहीरनामा, ज्याने त्याने ठरवावं.

मालिका संपल्यावर याच वाटेवर पुढे जायचं असेल तर हेनिंग मँकेल यांचा वालांडर घ्या. पहिलं पुस्तक १९९१ चं, निर्वासितांविषयीच्या द्वेषावरचं. अनेकांना मँकेलच जास्त आवडतो. वालांडर बेकपेक्षा हळवा आहे. उत्तरेच्या थंडीचा कंटाळा आला तर आंद्रेआ कामिलेरी यांचा सिसिलीतला मोंतालबानो. कामिलेरींनी हे नाव स्पॅनिश लेखक मान्युएल वाझ्केझ मोंताल्बान यांच्यावरून ठेवलं आणि त्या मोंताल्बानचा खवय्या गुप्तहेर पेपे कार्व्हाल्यो हुकूमशहा फ्रँकोनंतरचा बार्सिलोना दाखवतो. ग्रीसमधल्या कर्जसंकटावर पेत्रोस मार्कारिस यांनी अथेन्सच्या इन्स्पेक्टर हारितोसला घेऊन लिहिलेल्या कादंबऱ्याही याच घराण्यातल्या.

पडद्यावरचा बेक आधी बघू नका. १९९७ पासून चालू झालेल्या 'बेक' या स्वीडिश चित्रमालिकेत नावं तीच असली, तरी कथा बहुतेक नव्या आणि राजकारण पातळ आहे. 'द लाफिंग पोलीसमन'वरचा १९७३ चा हॉलिवूडपट तर बस थेट सॅन फ्रान्सिस्कोला नेतो. बू विडरबर्ग यांचा १९७६ चा 'द मॅन ऑन द रूफ' मात्र मिळवून बघाच. 'द अबॉमिनेबल मॅन'वरचा आहे, आणि त्यातला हेलिकॉप्टरचा प्रसंग बघितल्यावर पोलिसांच्या नव्या यंत्रसामग्रीबद्दल श्योवाल-वालोंना काय वाटत होतं ते वेगळं विचारावं लागत नाही.